अंबाजोगाईची तारीखही धरून ठेवा

वर कुणीतरी विचारलंय की, तिकिटं काढून मोठ्या गायकांचे शो आहेतच, पण निवांत बसून शास्त्रीय ऐकायचं तर मराठवाड्यात जायचं कुठं? माझं मत, नोव्हेंबर सोडू नका. २५ नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. त्या सुमारास अंबाजोगाईला त्यांच्या नावाचा स्मृती समारोह भरतो. त्यात कविसंमेलनही असतं अन् शेतकरी परिषदही, पण आपल्याला ओढ संगीतसभेची! लातूरहून गाडीनं गेलं तर साठेक किलोमीटर. शाल मात्र न्या, डोंगराचं गाव आहे.

संभाजीनगरात वेरूळ-अजिंठा महोत्सव असतोच, पण तिथं तारखा पुढंमागं होतात, म्हणून जाहीर झाल्याशिवाय रजा टाकू नका. (मी टाकली होती एकदा. घरी बसून रेडिओ ऐकला.)

आणि फक्त बाहेरच्या नावांकडं बघू नका राव. शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर आपल्या नांदेडचेच. २०२१ मध्ये गेले, पण त्यांच्याकडं शिकलेली मंडळी आजही गातात. छोट्या सभागृहात, पुढच्या रांगेत बसून असं गाणं ऐका. माईक जरा खरखरला तरी तानपुरा नीट ऐकू येतो.