सासूबाईंना ‘हयातीपर्यंत’ घर, मिस्टर त्यांच्या आधी गेले. आमचा हिस्सा संपला का?

नौपाडा_रहिवासी:
नमस्कार. ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांचा फ्लॅट आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर मिळालेल्या फंडातून त्यांनी तो घेतला. वडिलोपार्जित काहीच नाही. २००९ मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून रजिस्टर केलं आणि २०१२ मध्ये ते गेले. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवते:

‘माझ्या पश्चात सदर सदनिकेचा उपभोग माझ्या पत्नीने तिच्या हयातीपर्यंत घ्यावा. तिला सदर सदनिका विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अथवा बक्षीस देण्याचा अधिकार राहणार नाही. तिच्या पश्चात सदर सदनिका माझ्या दोन्ही मुलांना समसमान मिळावी.’

माझे मिस्टर धाकटे. ते २०२० मध्ये गेले. त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मी आणि मुलगी (अकरावीत आहे) कळव्याला भाड्याने राहतो. सासूबाई दिरांकडे असतात. वय ८२, कान मंद झालेत, बाकी ठीक आहेत. माझं त्यांच्याशी कधी वाकडं नव्हतं, आजही नाही.

आता बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आहे. सोसायटीत चौकशी केली तेव्हा कळलं की सासूबाईंनी पूर्ण फ्लॅटचं बक्षीसपत्र दिरांच्या नावे करून दिलंय आणि नवीन घराचा करार आपल्या एकट्याच्या नावे करा असं पत्र दिरांनी सोसायटीला दिलंय. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) काढून पाहिला. नोंदणी झालेली आहे.

दिरांना विचारलं तर म्हणाले, “आई जिवंत असताना मुलाला कसला हक्क? तो आईच्या आधी गेला, विषय संपला. मृत्युपत्रात ‘तिच्या पश्चात’ लिहिलंय, तेव्हा जो असेल त्याचं.” सेक्रेटरी म्हणतात, रजिस्टर कागद आहे, आम्ही काय करणार.

मला भांडण नको आहे. पण मुलीच्या बापाचं जे आहे ते तिला मिळायला हवं. खरंच संपलं का सगळं?

पाचपाखाडी_जुना:
सोसायटीत नॉमिनी कोण आहे ते बघा. नॉमिनीच्या नावावर घर होतं. दीर नॉमिनी असतील तर कठीण आहे.

कोर्टनाका_वकील:
पाचपाखाडीकर, कृपा करून असं सांगू नका. नॉमिनी हा सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा यासाठी असतो. तो वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून घर सांभाळतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. या गैरसमजापायी ठाण्यात कितीतरी बायका आपल्या हक्काच्या घराकडे पाठ फिरवून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

ताई, आधी उत्तर, मग कारण. तुमच्या मिस्टरांचा अर्धा हिस्सा संपलेला नाही. तो तुमच्याकडे आणि मुलीकडे आला आहे. फक्त सगळाच्या सगळा नाही. ते खाली सांगते.

दीर म्हणतात, आई असताना मुलाला हक्क नसतो. आईच्या स्वतःच्या मालमत्तेबाबत हे बरोबर आहे. आई उद्या काय ठेवून जाईल याची नुसती आशा म्हणजे हक्क नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६(अ) प्रमाणे ती आशा कोणाला विकताही येत नाही. पण हे घर तुमच्या मिस्टरांना आईकडून मिळायचंच नव्हतं. ते वडिलांकडून मिळालं. २०१२ मध्ये सासरे गेले त्याच दिवशी एका घराचे दोन हक्क झाले. राहण्याचा, वापरण्याचा हक्क सासूबाईंना, त्यांच्या आयुष्यापुरता. त्याच्या पलीकडची मालकी दोन मुलांना, अर्धी अर्धी. मुलांचा हक्क त्या दिवशीच जन्माला आला. ताबा तेवढा पुढे ढकललेला होता.

कोर्टात याला व्हेस्टेड इंटरेस्ट, म्हणजे पक्का झालेला हक्क, म्हणतात. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ११९ वाचा. त्याच्या खाली जी उदाहरणं छापलेली आहेत त्यात जवळजवळ तुमचंच घर आहे: ‘अ’ला हयातीपर्यंत आणि ‘अ’नंतर ‘ब’ला रक्कम दिली, तर मृत्युपत्र करणारा वारला की ‘ब’चा हक्क पक्का. आणि कलम स्वतःच सांगतं की असा माणूस प्रत्यक्ष मिळण्याआधी वारला तर त्याचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १९ हेच सांगतं. आधी दुसऱ्या कोणाला उपभोग दिला आहे, एवढ्यावरून नंतरच्याचा हक्क लटकता आहे असं समजू नये, असं त्याच्या स्पष्टीकरणात चक्क लिहिलंय.

‘तेव्हा जो असेल त्याचं’ असं दीर म्हणतात, पण तुम्ही उतरवलेल्या मजकुरात तसं काही नाही. ‘माझ्या पत्नीच्या पश्चात जे मुलगे हयात असतील त्यांना’ असं सासऱ्यांनी लिहिलं असतं, तर मात्र मी तुम्हाला वाईट बातमी दिली असती. मग मुलाचं जगणं ही अट झाली असती, हक्क कंटिन्जंट, म्हणजे अटीवर लटकलेला, झाला असता आणि अट पुरी होण्याआधी मुलगा गेला म्हणून तो तिथेच विरला असता. सासऱ्यांनी सरळ ‘दोन्ही मुलांना’ दिलं, वर ‘समसमान’ म्हटलं. त्या ‘समसमान’मुळे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा झाला, एक गेला म्हणून दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

आता बक्षीसपत्र. स्वतःकडे आहे त्यापेक्षा जास्त कोणालाच देता येत नाही. सासूबाईंकडे मृत्युपत्राने आला तो हयातीपुरता उपभोग. त्यांनी पूर्ण फ्लॅट लिहून दिला तरी त्यातून फार तर तेवढाच जाईल. ‘रजिस्टर कागद आहे’ याने घाबरू नका. दुय्यम निबंधक मालकी तपासत बसत नाही, तो दस्त नोंदवतो. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, त्यामुळे असे दस्त पटकन होतात.

पण एक गोष्ट तुमच्याही विरुद्ध जाते आणि ती मी लपवणार नाही. तुमचे मिस्टर मृत्युपत्राशिवाय गेले. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलांबरोबर आईसुद्धा येते, बरोबरीने. म्हणजे त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचे तीन भाग: तुम्ही, मुलगी, सासूबाई. प्रत्येकी घराचा एक षष्ठांश. सासूबाईंचा हा एक षष्ठांश मुलाच्या वारशाने आला, त्यावर ‘हयातीपर्यंत’चं बंधन नाही. तो त्या कोणालाही देऊ शकतात आणि या बक्षीसपत्राने तो दिरांकडे गेला, असं कोर्ट म्हणू शकेल. तेव्हा दिरांचे चार षष्ठांश, तुम्हा मायलेकींचे मिळून दोन षष्ठांश, म्हणजे घराचा एक तृतीयांश. अर्ध्याची मागणी घेऊन उभ्या राहिलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुम्हाला इथे अडवेल.

नौपाडा_रहिवासी:
तुमचं दोनदा वाचलं. एक तृतीयांश तर एक तृतीयांश, जे आहे ते आहे. पण सासूबाई असेपर्यंत मी काही करू शकते की थांबायचं? कोणी म्हणतं आत्ता दावा चालतच नाही.

वाशी_लॉ_शिकवतो:
कोर्टनाका ताईंनी मांडलं ते बरोबर आहे. पण समोरून एक वार नक्की येईल, त्याची तयारी हवी.

१९५६ च्या कायद्याचं कलम १४(१) म्हणतं, हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिची पूर्ण मालकीची. जुन्या ‘विधवेच्या मर्यादित मालकी’तून बायकांना सोडवण्यासाठी ते आलं. १४(२) अपवाद सांगतं: मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच. पण १९७७ च्या तुलसम्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पोटगीच्या आधीच असलेल्या हक्कापोटी मालमत्ता दिली असेल, तर कागदावर मर्यादा असली तरी ती १४(१) खाली पूर्ण मालकी होते. दिरांचा वकील म्हणेल, बायकोला पोटगीचा हक्क होताच, म्हणून आई पूर्ण मालक आणि बक्षीसपत्र पक्कं.

तुमच्या बाजूने २००६ चा साधू सिंग आणि २०२२ चा जोगी राम हे निकाल आहेत. नवऱ्याने स्वकष्टाच्या मालमत्तेचं मृत्युपत्र करून बायकोला हयातीपुरतं दिलं तर १४(२) लागू, असं त्यांत धरलंय. तुमचा फ्लॅट फंडाच्या पैशाचा आहे, हे इथे फार कामाचं आहे. खरेदीखत आणि फंडाचे कागद सांभाळा. मात्र निकालांच्या या दोन धारा एकमेकींशी जुळत नाहीत हे न्यायालयाला स्वतःला जाणवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेज भान प्रकरणात हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. म्हणून तडजोडीची संधी आली तर ती सोडू नका.

कोर्टनाका_वकील:
सर, हे मांडलंत ते फार बरं झालं. आणि तरीही मनापासून सांगते, १४(१) बायकांच्या संरक्षणासाठी आलं आणि इथे त्याचा वापर एका विधवेचा नि तिच्या मुलीचा हिस्सा काढून घ्यायला होणार, हे मला सहन होत नाही.

ताई, आत्ता दावा चालतो. ताब्याचा नाही, कारण सासूबाईंना त्या घरातून कोणी हलवू शकत नाही आणि हलवूही नये. पण आमचा हक्क आहे आणि बक्षीसपत्र आमच्या हिश्श्याला बांधील नाही, असं जाहीर करून मागता येतं. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ३४ त्यासाठीच आहे. ताब्याच्या दाव्याची बारा वर्षांची मुदत सासूबाईंच्या नंतरच सुरू होईल, ते मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ मध्ये आहे. पण त्या भरवशावर स्वस्थ बसू नका. जाहीर करून घेण्याच्या दाव्याला तीन वर्षं असतात आणि तुम्हाला बक्षीसपत्र आता कळलेलं आहे.

सोमवारी पहिलं काम: सोसायटीला आणि विकासकाला लेखी हरकत. मृत्युपत्राची प्रत, मिस्टरांचा मृत्यूदाखला, तुमच्या दोघींची कागदपत्रं जोडा, पोच घ्या. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार एकट्या दिरांच्या नावे करू नये, असं स्पष्ट लिहा. विकासकाचा वकील तुमच्या दिरांपेक्षा लवकर ऐकेल, कारण वादातल्या फ्लॅटवर त्याला सही चुकवायची नसते. मृत्युपत्र ठाण्यात झालं, घर ठाण्यात, म्हणून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ती अट मुंबई शहरासाठीची होती आणि २०२५ मध्ये तीही रद्द झाली.

मग एकदा सासूबाईंना भेटा, एकट्या. माझा सल्ला असा: नवीन घराच्या करारात सासूबाईंचा हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, दिरांचे चार आणि तुमचे दोन षष्ठांश, असं सगळं लिहून घ्यायचं. बांधकामाच्या काळातलं भाडं सासूबाईंना, कारण आज उपभोग त्यांचा. कॉर्पसची (विकासक एकरकमी देतो ती) रक्कम मात्र घराच्या मालकीपोटी येते. ती ठेवीत राहावी, व्याज त्यांना आणि मुद्दल नंतर हिश्श्याप्रमाणे, असं मी मागेन. आणि मुलगी अठराची होईपर्यंत तिच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र तुम्ही सही करून देऊ नका. त्याला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. कोणी ‘फक्त सही’ म्हणून कागद पुढे केला तरी नाही म्हणा.

घणसोली_गावकरी:
इथेच विचारतो. आमच्या बाबांना सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत, नवी मुंबईसाठी घेतलेल्या शेतीच्या बदल्यात, प्लॉट मिळाला. शेती गेली त्याचं दुःख त्यांना आहे. आता मृत्युपत्रात लिहायचं म्हणतात की हा प्लॉट माझ्याकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला, असा पिढ्यान्‌पिढ्या जावा, कोणीही विकू नये. चालतं का?

वाशी_लॉ_शिकवतो:
दादा, बाबांची भावना समजते, पण असं चालत नाही. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांनी नेमकं हेच केलं होतं. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणून त्याला वगळलं आणि इस्टेट पुरुष वारसांच्या रांगेने पुढे जात राहावी अशी इंग्लंडच्या धर्तीवर व्यवस्था लिहिली. मुलगा ज्ञानेंद्रमोहन कोर्टात गेला. १८७२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, ठरवलं की कायद्याला माहीत नसलेला वारसाक्रम कोणी स्वतःच्या मर्जीने निर्माण करू शकत नाही, आणि त्या काळच्या हिंदू कायद्यात जन्मालाच न आलेल्याला दानही देता येत नव्हतं. पहिल्याची हयात संपल्यावर पुढची सगळी रांग कोसळली.

न जन्मलेल्याला देण्याची मुभा पुढे १९१६ च्या कायद्याने मिळाली, पण मर्यादेत. हयात माणसांची आयुष्यं आणि त्यानंतर येणाऱ्या मुलाचं अज्ञानपण, म्हणजे अठरा वर्षं, याच्या पलीकडे हक्क पक्का होणं लांबवता येत नाही. आणि न जन्मलेल्या नातवाला द्यायचं तर त्याला उरलेला सगळा हक्क द्यावा लागतो, त्यालाही ‘हयातीपर्यंत’ देऊन पुढे पणतूला असं नाही.

दुसरं, सिडकोचा प्लॉट साठ वर्षांच्या लीजवर असतो. बाबांकडे आहे तो भाडेपट्टा, जमिनीची कायमची मालकी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या द्यायला आधी ती हातात हवी. लीजचा करार काढून उरलेली वर्षं मोजा, हस्तांतराच्या अटी वाचा. मग आई असतील तर आईंना हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि त्यांच्यानंतर तुम्हा भावंडांना नावानिशी समसमान, एवढंच लिहा. बहिणींची नावं विसरू नका.