५ वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पसाठी ८ इंची स्पीकर: ४ ओहम की ८, आणि नेमका कोणता?

मानपाडा_ब्लूज

नमस्कार मंडळी. फेंडर चॅम्प ५एफ१ च्या सर्किटवर बांधलेला गिटारचा अ‍ॅम्प आहे. ट्यूब तीन: सुरुवातीला १२एएक्स७, शेवटी पॉवरला ६व्ही६, रेक्टिफायर ५वाय३, व्हॉल्यूमचं एकच बटण. सेकंड-हँड घेतलाय, कोणी बांधला ते माहीत नाही. स्पीकर ८ इंची, त्याच्यावरचं लेबल कधीच निघून गेलंय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरही काही लिहिलेलं नाही.

व्हॉल्यूम ५ च्या पुढे गेला की लो ई आणि ए तारेवर फरफर ऐकू येते. कोनला (स्पीकरच्या कागदी पडद्याला) कडेजवळ साधारण २ सेंटीमीटरची चीर दिसते. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर ०.६ ओहम येतं. कॉइल शॉर्ट झाली असं समजायचं का?

नवीन घ्यायचा तर तीन पर्याय समोर आहेत. स्टेशनजवळच्या दुकानात ४ ओहमचा कार स्पीकर लगेच मिळतोय. लॅमिंग्टन रोडला ८ इंची, ८ ओहमचे पीएचे (सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरचे) कागदी कोनवाले स्पीकर आहेत. नाहीतर बाहेरून जेन्सन सी८आर मागवायचा. बॅफलच्या (स्पीकर बसवलेल्या फळीच्या) मागच्या बाजूपासून ६व्ही६ च्या काचेपर्यंत ११ सेंटीमीटर जागा आहे. वाजवणं सगळं घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्येच, स्टेजवर नाही. काय घ्यावं?

नेरुळ_वर्कशॉप

आधी त्या ०.६ ओहमचा निकाल लावू. स्पीकरला ट्रान्सफॉर्मरच्या वायरी जोडलेल्या असतानाच तुम्ही मोजलंय. सेकंडरी (स्पीकरकडच्या) वाइंडिंगचा डीसी रेझिस्टन्स अर्ध्या-पाऊण ओहमच्या आसपास असतो आणि तो कॉइलला समांतर येतो, म्हणून मीटर तेवढंच दाखवतं. कॉइलचा त्यात काही दोष नाही. अ‍ॅम्प बंद, मेन्सचा प्लग बाहेर, मग स्पीकरची एक वायर सोडा आणि परत मोजा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जेवढं दिसेल (बहुतेक ०.२ ते ०.३) तेवढं वजा करा. ३ ते ३.५ आलं तर स्पीकर ४ ओहमचा, ६ ते ७ आलं तर ८ चा, ११ ते १३ आलं तर १६ चा.

पण जुना स्पीकर ४ चा निघाला म्हणून ट्रान्सफॉर्मरही ४ चाच असेल असं धरू नका. सेकंड-हँड अ‍ॅम्पमध्ये आधीच्या मालकाने हाताला लागेल तो स्पीकर लावलेला असतो. ट्रान्सफॉर्मर वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी चासी (सर्किटचा धातूचा डबा) उघडावी लागेल, म्हणून हा भाग नीट वाचून मगच करा.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. १० के, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या कपॅसिटरच्या प्लसपासून चासीला अर्धा मिनिट लावून ठेवा, मग मीटरने बघा. प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर आकडा ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका, कपॅसिटरही खराब होतो आणि बोटंही भाजतात.

आता प्रायमरीच्या (ट्यूबकडच्या वाइंडिंगच्या) दोन्ही वायरी सोडवा (एक ६व्ही६ च्या प्लेटला, म्हणजे ३ नंबरच्या पिनला असते, दुसरी बी प्लसला, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याला). स्पीकरही सोडलेला हवा. एसी आउटपुटवाला १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, डीसीवाला चालणार नाही. त्याचे १२ व्होल्ट प्रायमरीला द्या आणि सेकंडरीवर किती एसी येतं ते मीटरच्या सगळ्यात खालच्या रेंजवर बघा. अडॅप्टर लोड नसताना १२ पेक्षा थोडं जास्त देतो, म्हणून तेही प्रत्यक्ष मोजूनच लिहून घ्या. प्रायमरी भागिले सेकंडरी, आलेल्या आकड्याचा वर्ग, गुणिले स्पीकरचे ओहम. उत्तर ७ ते ८ हजारांच्या आसपास ज्या ओहमला येईल, तो तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा खरा स्पीकर. एकट्या ६व्ही६ ला अशा अ‍ॅम्पमध्ये साधारण तेवढाच लोड दिलेला असतो.

हे होईपर्यंत एक पाळा: स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करून वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला उघडं आउटपुट चालतं, ट्यूबवाल्याला नाही. लोड नसला की प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन किंवा ट्यूबचा सॉकेट जळतो. टेस्टिंगसाठी स्पीकरच्या जागी ४ किंवा ८ ओहमचा, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावता येतो.

कोपरीकर

कार स्पीकर बादच करा. ४ ओहम जुळतात एवढंच, बाकी काहीच जुळत नाही. कार कोअ‍ॅक्सियलमध्ये मधोमध ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) असतो. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर आवाजात झपाट्याने पडतो आणि ते पडणंच आपल्याला हवं असतं. ओव्हरड्राइव्ह झालेल्या ६व्ही६ मधून वरच्या पट्टीत जी कर्कश भुसभुस निघते ती गिटार स्पीकर गाळून टाकतो, ट्वीटर ती सरळ कानावर आणून सोडतो. शिवाय कार स्पीकरचं सराउंड (कोनची लवचीक कड) रबराचं, कोन जड, सगळी रचना खालचा बेस काढायला. सेन्सिटिव्हिटी त्यामुळे कमी राहते.

५ वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये ओहमच्या खालोखाल हाच आकडा महत्त्वाचा, १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. ९० चा स्पीकर काढून ९५ चा लावला तर तुमचा ५ वॅटचा अ‍ॅम्प ९० वर चालणाऱ्या १६ वॅटच्या अ‍ॅम्पएवढा ऐकू येतो. ट्यूब बदलून, सर्किटमध्ये खटपट करून एवढा फरक कधीच पडणार नाही.

स्पीकरची वॅटेज अ‍ॅम्पच्या किमान दुप्पट धरा, कारण पूर्ण क्लिपिंगला (आवाज फाटेपर्यंत वाढवल्यावर) ५ वॅटचा अ‍ॅम्प ५ च्या वर जातो. म्हणजे १५ वॅटचा सेलेस्टियन एट १५, २० वॅटचा एमिनन्स ८२०एच, २५ वॅटचे जेन्सन सी८आर आणि पी८आर, सगळे बसतात. ७५-१०० वॅटचा नको. जड कॉइल, कडक कोन, ५ वॅटमध्ये तो हलतच नाही.

पीएच्या कागदी स्पीकरबद्दल: सराउंड कोनच्याच कागदाचं, घड्या घातलेलं असेल तर तात्पुरतं काम होतं, आवाज थोडा सपाट येईल. फक्त फ्रेमला छोटा ट्रान्सफॉर्मर चिकटवलेला नाही ना ते बघून घ्या. तो १०० व्होल्ट लाइनचा माल, सभागृहाच्या छतात लावायचा. आपल्या कामाचा नाही.

मानपाडा_ब्लूज

दोघांचेही आभार. स्पीकर सोडून मोजला, पिनांचं वजा करून ३.३ ओहम. अडॅप्टर प्रत्यक्षात १३.१ व्होल्ट देतोय, सेकंडरीवर ०.३१ आले. भागाकार ४२.३, वर्ग साधारण १७८६. ४ ओहमने ७.१ के, ८ ओहमने १४.३ के. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ४ चाच. मग ८ ओहमचा पीए स्पीकर लावला तर अ‍ॅम्पला धोका आहे का? आणि ती चीर चिकटवून काम भागेल का?

नेरुळ_वर्कशॉप

मोजमाप बरोबर आहे. ४ च्या ट्रान्सफॉर्मरवर ८ चा लावल्याने एवढ्याशा सिंगल-एंडेड (एकाच पॉवर ट्यूबच्या) अ‍ॅम्पचं काही जळणार नाही. पॉवर कमी होईल, बेस पातळ होईल, ट्रेबल थोडं पुढे येईल. १६ चा मात्र नको, ती चौपट तफावत झाली. कायमचा स्पीकर विकत घेणार असाल तर ४ चाच घ्या. मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये येतं आणि दुकानदार हाताशी असेल तो ८ चा पाठवून देतात. ऑर्डरमध्ये ओहम लिहा आणि आल्यावर खोक्यातून काढताच मीटर लावा.

येऊर_टोन

मला दोन गोष्टी वेगळ्या वाटतात.

पहिली, फरफर चिरेमुळेच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कोन सरळ, सारख्या दाबाने आत ढकला. कान जवळ न्या. खरवडल्यासारखा आवाज आला तर कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये घासतेय. खाडीच्या दमट हवेत गॅपच्या आतल्या लोखंडाला गंज धरतो, त्याचे पोपडे अडकले की हेच होतं आणि त्यावर चिकटवाचिकटवीचा काही इलाज नाही. खरवड नसेल तर डस्ट कॅपची कड सुटलीय का, टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली तार कोनवर आपटतेय का, बॅफलचे बोल्ट सैल आहेत का, हे बघा. ६व्ही६ चा आतला भाग सैल असला तरी लो ई ला तशीच खुळखुळ येते. स्पीकर बदलण्याआधी दुसऱ्या कुठल्याही ४ किंवा ८ ओहमच्या गिटार कॅबला (वेगळ्या खोक्यातल्या स्पीकरला) अ‍ॅम्प जोडून बघा. फरफर तिथेही आली तर स्पीकर निर्दोष. जोडायला साधी दोन पदरी, १ स्क्वेअर मिलिमीटरची वायर घ्या, गिटारची शील्डेड केबल नको.

चीरच असेल तर दुरुस्त होते. टी-बॅगचा कागद चिरेपेक्षा सेंटीमीटरभर मोठा फाडून घ्या, कापू नका, फाडलेली कड कोनच्या कागदात मिसळते. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी, ब्रशने पातळ थर, कागद पुढून आणि मागून. पावसाळ्यात दोन दिवस सुकू द्या. एपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरला तर तो भाग दगडासारखा होतो आणि त्याच्या शेजारी नवी चीर पडते. चीर सराउंडच्या घडीवरच असेल तर फेव्हिकॉलही कडक पडेल, तिथे लवचीक रबर ग्लू. रिकोनिंगचं (नवा कोन आणि कॉइल बसवण्याचं) म्हणाल तर बिनलेबलच्या ८ इंचीला ते करू नये. बाजारात पीएचे कोन आणि कॉइल मिळतात, ते बसवले की हाती पीए स्पीकरच येतो.

दुसरी, सेन्सिटिव्हिटी. कोपरीकरांचं गणित बरोबर आहे, पण ते बँडमध्ये वाजवणाऱ्याला लागू. हा अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये आहे. ९५ चा स्पीकर आणि ५ वॅट म्हणजे १ मीटरवर १०२ डेसिबल. भिंतीपलीकडचे शेजारी दार वाजवतील. ६व्ही६ चं गोड क्लिपिंग हवं असेल तर व्हॉल्यूम ६-७ वर न्यावाच लागतो, मग कमी कार्यक्षम स्पीकरच फायद्याचा. ९० चा लावला की तेच क्लिपिंग ५ डेसिबल खाली मिळतं.

कोपरीकर

येऊर_टोन, मान्य, फ्लॅटचा मुद्दा माझ्याकडून सुटला. तरी कमी सेन्सिटिव्हिटीच्या नादात कार स्पीकरकडे परत वळू नये एवढंच. गिटारच्याच ८ इंचींत मऊ आवाजाचे आहेत. ८२०एच चा कोन हेंपचा, वरची पट्टी गोलसर. सी८आर त्यापेक्षा खणखणीत, सिंगल कॉइल पिकअप असेल तर टोचू शकतो, दोन कॉइलच्या हंबकर पिकअपला छान. पी८आर अल्निको मॅग्नेटचा, महाग. अल्निको जोरात वाजवल्यावर थोडा दबतो म्हणून लोक घेतात, पण २५ वॅटचा स्पीकर ५ वॅटवर तेवढा दबत नाही. त्या एका गुणासाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत.

मानपाडा_ब्लूज, गिटार कोणती आहे?

मानपाडा_ब्लूज

सिंगल कॉइल, टेलिकास्टर पद्धतीची. अंगठ्यांनी दाबून बघितलं, खरवड आहे, एका बाजूला जास्त. वाशीच्या एका प्रॅक्टिस रूममध्ये १२ इंची, ८ ओहमच्या कॅबला जोडलं, फरफर अजिबात नाही, आवाजही खूप मोकळा आला.

येऊर_टोन

मग स्पीकर गेला, चीर चिकटवत बसू नका. टेलिकास्टर म्हटल्यावर मी ८२०एच किंवा एट १५ बघेन, ४ ओहमचा जो आधी मिळेल तो. १२ इंचीत मोकळं वाटलं त्यात मोठ्या कॅबिनेटचाही वाटा आहे. चॅम्पच्या खोक्यात कुठलाही ८ इंची तसा वाजणार नाही. पुढेमागे बाहेरच्या कॅबसाठी जॅक बसवणार असाल तर स्विचवाला घ्या, म्हणजे प्लग निघाला तर आउटपुट उघडं न राहता शॉर्ट होतं. ट्यूब अ‍ॅम्पला थोडा वेळ शॉर्ट सोसतं, उघडं सोसत नाही.

नेरुळ_वर्कशॉप

बसवताना लक्षात ठेवायचं ते लिहितो.

खोली कंपनीच्या आकृतीत बघा, फ्रेमच्या कडेपासून मॅग्नेटच्या पाठीपर्यंत. ११ सेंटीमीटरमध्ये मॅग्नेट आणि ६व्ही६ ची काच यांच्यात किमान १ सेंटीमीटर राहिला पाहिजे. भोकंही जुळवा. ८ इंचींमध्ये कोणाला ४, कोणाला ८ भोकं, आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटर-दोन मिलिमीटरने बदलतो. जुळत नसेल तर जुनी भोकं ओढून मोठी करू नका. वागळे इस्टेटच्या बाजूला कोणत्याही प्लायवाल्याकडून नवा बॅफल कापून घ्या आणि एम४ चे टी-नट ठोका.

स्पीकर बसवताना कोनवर जाड पुठ्ठा धरा. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर खेचतो आणि टोक थेट कागदातून आरपार जातं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, आधी सगळे हाताने टेकवून, मग प्रत्येकी पाव फेरा. एकच बोल्ट गच्च केला तर पत्र्याची फ्रेम पिळते, कॉइल तिरकी होते आणि नव्या स्पीकरला तीच खरवड लागते. आवळून झाल्यावर अंगठ्यांची परीक्षा परत करा. आवाज आला तर सगळे सैल करून पुन्हा.

वायरींचं: एकटा स्पीकर असताना त्याच्या टर्मिनलवर प्लस-मायनस उलटे झाले तरी अ‍ॅम्पचं काही बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन वायरी चासीच्या आत एकमेकींच्या जागी लावल्या तर मात्र बिघडतं. ५एफ१ मध्ये सेकंडरीवरून २२ के चा रेझिस्टर १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्याच्या कॅथोडला फीडबॅक (आउटपुटचा थोडा अंश परत) नेतो. वायरी उलटल्या की फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि अ‍ॅम्प चालू करताच किंचाळतो. मोजमापासाठी प्रायमरी सोडली होती, तीही जागच्या जागीच गेली पाहिजे, प्लेटची प्लेटला, बी प्लसची बी प्लसला. ती उलटली तरी तसाच किंचाळेल. रंग लिहून ठेवले नसतील तर चालू करताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, आणि किंचाळला तर लगेच बंद, परत डिस्चार्ज, मग प्रायमरीच्या दोन वायरींची अदलाबदल करा.