गनेरा: बागेत ठेवावा की कंदासकट काढावा?

मेधा, डेव्हन
ज्याच्या एका पानाखाली माणूस पावसात उभा राहील असा गनेरा इथल्या अनेक तळ्यांकाठी दिसतो. चिलीच्या टिंक्टोरिया जातीला युरोपीय संघाने २०१७ मध्ये बंदी असलेल्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत घातलं, तेव्हा बागवाले म्हणायचे, "आमचा ब्राझीलचा मॅनिकाटा, त्याला बंदी नाही." मग आरएचएस या ब्रिटिश बागकाम संस्थेच्या संशोधकांनी तपासलं, तर मॅनिकाटा म्हणून विकली गेलेली झाडं या दोन जातींचा संकर निघाली. २०२३ अखेर ब्रिटनमध्ये बंदी त्यांनाही लागू असल्याचं जाहीर झालं. जुनं झाड ठेवता येतं, पण विकणं, वाटणं, नवं लावणं, पसरू देणं बेकायदा. माझं स्पष्ट मत: कायदा ठेवू देतो म्हणून ठेवू नका. ओढ्याकाठी असेल तर नक्कीच नाही.

अविनाश, केंट
असहमत. आमच्याकडे गड्ड्यावर त्याचीच पानं उलटी घालून त्याला थंडीपासून जपावं लागतं, तो कुठे पसरणार? बी धरण्याआधी तुरे कापले की झालं. उलट अर्धवट उकरलं तर कंदाचे तुकडे पुन्हा फुटतात.

पश्चिमवारा, गॅलवे
अविनाश, एकदा आयर्लंडमध्ये मेयोतल्या अचिल बेटावर या. समुद्रकडे, पडीक शेतं, रस्त्याच्या कडा, सगळीकडे टिंक्टोरियाच. मोठ्या झाडाला वर्षाला २.५ लाखांपर्यंत बिया येतात. खोडात राहणारे नॉस्टॉक नावाचे सूक्ष्मजीव हवेतला नत्र पुरवतात, म्हणून निकस जमीनही त्याला चालते. पानांखाली दुसरं काही वाढत नाही, आणि हिवाळ्यात पानं गेली की माती उघडी पडून वाहते. हीही बागेतूनच बाहेर पडलेली झाडं आहेत हो!

अविनाश, केंट
पण तिथली ओलसर, सौम्य हवा केंटमध्ये नाही. सगळ्या बागांना एकच नियम का?

सह्याद्रीकर, सातारा
घाणेरीसुद्धा भारतात शोभेचं झाड म्हणूनच आली. आज आमच्या डोंगरउतारांवर तिच्या जाळ्यांतून गुरांना चरायला वाट नाही. लावणाऱ्यांनाही ती कुंपणातच राहील असं वाटलं असणार.

मेधा, डेव्हन
अविनाश, तुम्ही तुरे कापाल, खात्री आहे. पण घर विकल्यावर कोण कापणार? झाड तर तिथेच राहणार. लहान असेल तर कंदासकट खणून काढा. मोठं असेल तर देठ कापून ताज्या कापावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावा, मात्र पाण्याजवळ त्यासाठी आधी परवानगी लागते. कंद कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. पुढची काही वर्षं रोपं उपटत राहावं लागेल.

अविनाश, केंट
घर विकण्याचा मुद्दा पटला. विकायच्या आधी काढेन. तोवर ठेवणार, तुरे कापत.