रोपांसाठी पीटचं कोणतं मिश्रण घ्यावं? दोन ट्रे वाया गेले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

टोमॅटो, मिरची आणि पिटुनियाची रोपं बियांपासून तयार करते आहे. टोमॅटोचं बी मी स्वतः धरलेलं आहे. त्यातलं आता चिमूटभरच उरलं आहे, म्हणून तिसऱ्यांदा पेरायच्या आधी इथे विचारते.

माझ्याकडच्या पोत्यावर ‘सर्व झाडांसाठी पीटयुक्त मिश्रण’ असं लिहिलं आहे. घटक म्हणून पीट (दलदलीत साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर), थोडा पर्लाइट (भाजून फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), चुना आणि सहा महिने पुरणारं खत दिलं आहे. खताचे पिवळट गोळे मिश्रणात सहज दिसतात.

पहिल्या वेळी ते आहे तसंच कप्प्यांत भरलं. कप्पे साधारण ४ सेंटिमीटर खोल आहेत. पोतं बरेच दिवस उघडं राहिल्याने पीट सुकलं होतं. बी पेरून वरून झारीने पाणी दिलं, वरचा थर काळा झाला, तेव्हा भिजलं असं समजले. उगवण अगदी विस्कळीत झाली. एका कप्प्यात सहाव्या दिवशी कोंब आणि शेजारच्यात काहीच नाही. न उगवलेला कप्पा उकरला तर आत सगळं ठणठणीत कोरडं आणि बी जसंच्या तसं. जी रोपं आली त्यांतल्या काहींच्या पानांच्या कडा करपल्या, काही फिकट पडून खुंटली.

दुसऱ्या वेळी वाटलं, मिश्रण जाडंभरडं आहे हाच दोष असणार. मग पिठाच्या चाळणीने चाळलं, कोमट पाण्यात नीट भिजवलं आणि अंगठ्याने दाबून भरलं. जवळजवळ सगळं बी उगवलं, मी खूष. आठवड्याभरात वर हिरवं शेवाळ धरलं, बारीक काळी चिलटं उडायला लागली आणि मग रोज सकाळी चार-दोन रोपं आडवी दिसू लागली. बुंधा पिटाला टेकतो तिथे दोऱ्यासारखा बारीक झालेला असायचा.

‘बी पेरण्यासाठी’ म्हणून वेगळं पीट-मिश्रण मिळतं, त्यात खरोखर काही वेगळं असतं का? पोत्यावर नेमकं काय वाचायचं? हेच पोतं वापरायचं झालं तर त्यात बागेतली माती किंवा कंपोस्ट मिसळू का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या दोन्ही ट्रेंची कारणं वेगवेगळी आहेत, ती एकत्र करू नका.

पहिल्यात पीट भिजलंच नव्हतं. पीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी झिडकारतं, वरून दिलेलं पाणी कडेकडेने निघून जातं. तयार मिश्रणात पाणी धरायला मदत करणारं द्रव्य घातलेलं असतं, पण पोतं जुनं झालं की त्याचा जोर ओसरतो. भरायच्या आधीच टबात कोमट पाणी घालून कालवायचं आणि रात्रभर ठेवायचं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून एखाद-दुसरा थेंबच यावा. शेतीत आपण वाफसा म्हणतो, तसा ओलावा हवा.

कडा करपल्या आणि फिकट पडली, या दोन्हीला ते गोळे कारण असावेत. मोठ्या कुंडीत ते सगळीकडे सारखे पसरतात. एवढ्याशा कप्प्यात मात्र एकात तीन गोळे जातात, दुसऱ्यात एकही नाही. शिवाय दमट पोत्यात खत हळूहळू सुटत राहतं आणि क्षार साचतात. कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत.

आता वेगळ्या पोत्याबद्दल. फरक खरा आहे. पीट मुळात आम्लधर्मी, सामू (पीएच) साधारण ३.५ ते ४.५. चुना घालून तो ५.५ ते ६.५ वर आणलेला असावा. कणांचा आकार ०–५ किंवा ०–१० मिलिमीटर असा छापलेला असला तर ते रोपांसाठी आहे. १० ते ३० मिलिमीटर हे मोठ्या कुंड्यांचं. खत सौम्य, फक्त सुरुवातीपुरतं. महिनोन्‌महिने पुरणारं खत लिहिलेलं असेल तर ते पोतं मोठ्या झाडांना ठेवा. पीट हलक्या रंगाचं, तंतू दिसणारं असेल तर मी तेच घेतो, कारण फार कुजलेलं काळं पीट लवकर दबतं आणि हवा कोंडते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण दुसऱ्या ट्रेबद्दल सांगायचं राहिलं आहे आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही जाड तंतू चाळून काढले, म्हणजे मुळांना हवा मिळायच्या वाटाच काढून टाकल्या. त्यावर अंगठ्याने दाबलंत. कप्पा जितका उथळ तितका त्यातला जास्त भाग निचरा झाल्यावरही चिंब राहतो. तेच मिश्रण १५ सेंटिमीटर खोल कुंडीत बरं वागेल आणि ४ सेंटिमीटरच्या कप्प्यात चिखल होईल. तळाला खडे घालून हे सुटत नाही, उलट ओला थर आणखी वर सरकतो. बारीक पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं, अभ्रकासारखं खनिज) पाव भाग मिसळा. कप्पे सैल भरा आणि ट्रे जमिनीवर एकदा हलकेच आपटा. एवढं दाबणं पुरे.

आडवी पडलेली रोपं ही रोपमर आहे, पिथियमसारखे बुरशीसदृश जीव किंवा रायझोक्टोनियासारख्या बुरशा ती आणतात. एकदा मान बारीक झाली की ते रोप वाचत नाही. ट्रे धुतला होता का? झाकण किती दिवस ठेवलं होतं?

माती आणि अर्धवट कुजलेलं कंपोस्ट कृपा करून घालू नका. पीट अगदी निर्जंतुक नसतं, पण रोपांचे रोग त्यात सहसा कमीच असतात. तो फायदा तुम्ही स्वतःच्या हाताने घालवाल. १९६० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक यांनी पीट आणि व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट यांची मातीविरहित मिश्रणं बसवली, त्यामागे हेही कारण होतं. दरवेळी सारखीच मिळेल अशी, रोगमुक्त माती मिळणं अवघड होतं.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. ट्रे नुसता पाण्याने विसळला होता. झाकण दहा दिवस ठेवलं होतं, कारण कोंब सुकतील अशी भीती वाटत होती. आता चूक कळते आहे. आमच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, त्याने काही बिघडेल का?

प्रतिसाद १

ट्रे साबणाने घासा, मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. अर्धी रोपं वर आली की झाकण काढा. पाणी खालून द्या. ट्रे अर्धा तास पाण्यात ठेवा, मग उचलून पूर्ण निथळू द्या. पुढचं पाणी ट्रे हाताला हलका लागेल तेव्हाच. वरचा थर अधूनमधून सुकला की शेवाळ आणि चिलटं दोन्ही आटोक्यात येतात.

पांढरे डाग पडतात म्हणजे पाणी जड, क्षारांचं आहे. अशा पाण्याने सामू हळूहळू चढतो. तीन-चार आठवड्यांच्या रोपांना फारसं जाणवत नाही. जास्त दिवस ठेवलीत आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह मिळत नाही असं समजा आणि पावसाचं पाणी वापरा. खरी पानं आली की विद्राव्य खत, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने.

प्रतिसाद ३

एक विनंती, नारळाच्या काथ्याचं कोकोपीटही करून पाहा. दलदलीत पीट वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर साचतं, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. जगातल्या जमिनीच्या ३ टक्के भागावरच पीट आहे, पण मातीतल्या एकूण कार्बनचा जवळपास तिसरा हिस्सा त्यात साठलेला आहे. हे वाचल्यापासून मी कमीच वापरते. कोकोपीट सुकलं तरी लवकर भिजतं. मात्र धुतलेलं, कमी क्षारांचं घ्या आणि त्यात स्वतःचं अन्न फार नसतं हे लक्षात ठेवा. कॅल्शियमचा खुराक लागतो.

धागालेखिका

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. टोमॅटोला हात लावायच्या आधी मिरचीवर पाहिलं. १२ कप्प्यांत बियांसाठीचं पीट-मिश्रण, त्यात पाव भाग व्हर्मिक्युलाइट. दुसऱ्या १२ कप्प्यांत धुतलेलं कोकोपीट. ट्रे ब्लीचने धुतला, झाकण नवव्या दिवशी काढलं, पाणी फक्त खालून दिलं. पिटात ११ उगवली, कोकोपीटमध्ये १०. एकही आडवं पडलेलं नाही! कोकोपीटमधली थोडी फिकट होती, पाव मात्रेचं खत दिल्यावर सावरली. एक रोप काढून पाहिलं तर पांढरीशुभ्र केशमुळं कप्प्याच्या तळापर्यंत गेली होती. आधीच्या ट्रेत मुळं तपकिरी आणि आखूड होती, ते तेव्हा पाहायला हवं होतं.

काल टोमॅटो पेरला, अर्धा सेंटिमीटर खोल. पिटुनियाचं बी धुळीसारखं आहे, त्यावर किती थर द्यायचा?

प्रतिसाद २

काहीच नाही. त्याला उगवायला उजेड लागतो. भिजवलेल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरा, हलकेच टेकवा. कोंब दिसेपर्यंत वरचा थर सुकू देऊ नका, कारण त्यांची मुळं सुरुवातीला वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच असतात.

धागालेखिका

ठीक, आज संध्याकाळी पेरते. टोमॅटोचे कोंब दिसले की इथे कळवेन.