उपनिषदांतील तत्त्वज्ञ राजे: जनकाखेरीज कोण?

प्रश्न (कोल्हापूर): आपल्याकडे राजर्षी म्हटले की शाहू महाराजच आठवतात, प्राचीन ग्रंथांतला ज्ञानी राजा म्हणून मात्र बहुधा एकट्या जनकाचे नाव घेतले जाते. राज्य सांभाळून स्वतः ब्रह्मविद्या शिकवणारे आणखी राजे होते का?

उत्तर १: होते, आणि जनक तर मुख्यतः श्रोताच आहे, बृहदारण्यक उपनिषदात तो शिंगांना सोने बांधलेल्या हजार गायी बक्षीस ठेवतो, नेमके प्रश्न विचारतो, परंतु उत्तरे याज्ञवल्क्य ऋषी देतो. याउलट पांचालांचा प्रवाहण जैवली छांदोग्य उपनिषदात गौतम आरुणी या ब्राह्मणाला पंचाग्निविद्या (पाच अग्नींच्या रूपकातून पुनर्जन्म सांगणारी विद्या) शिकवतो आणि ही विद्या यापूर्वी ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती, असेही सुनावतो. शाहू महाराजांना वैदिक मंत्रांनी विधी करण्याचा अधिकार आहे की नाही, हा वेदोक्ताचा वाद ज्या गावात पेटला, तिथे हा प्रसंग अधिक परिचित असायला हवा होता.

उत्तर २: काशीचा अजातशत्रूही आहेच (मगधाचा वेगळा). त्याला शिकवायला आलेला ब्राह्मण गार्ग्य बालाकी अखेर त्याच्याकडेच शिष्यत्व मागतो.

उत्तर ३: मला अश्वपती कैकेय अधिक पटतो. वैश्वानर (सर्वांमध्ये असलेल्या) आत्म्याविषयी विचारायला आलेल्या विद्वानांना तो प्रथम सांगतो की माझ्या राज्यात चोर नाही, कृपण नाही, मद्यपी नाही. तत्त्वचर्चा तो दुसऱ्या सकाळी करतो.