मदत हवी आहे: फोरॅमिनिफेराच्या पिढ्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतोय. प्रकल्प रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतल्या 'अमोनिया' या एकपेशीय, कवचधारी फोरॅमिनिफेराची वाढ आणि संख्येतले चढउतार यावर आहे.

दर महिन्याला ओहोटीच्या वेळी गाळाचा वरचा १ सेंमी थर घेतो, रोझ बेंगाल (जिवंत पेशी ओळखण्यासाठीचा गुलाबी रंग) घातलेल्या इथेनॉलमध्ये १४ दिवसांहून जास्त ठेवतो आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतो. (१२५ मायक्रॉनची चाळणी घेतली तर लहान पिल्लं निसटतात, आणि मला नेमकी तीच हवी आहेत.) मग रंगलेल्या कवचांचा व्यास आणि कप्पे (वाढताना कवचाला एकेक नवा जोडला जातो) मोजतो.

अडचण अशी की व्यासाच्या आलेखात दर वेळी एकच पसरट उंचवटा येतो आणि तो पुढे सरकत नाही. वाढ थांबली आहे, की नवी पिल्लं येत राहतात आणि मोठी मरत जातात, हे कळायला मार्ग नाही. कप्प्यांच्या संख्येनेही तेच चित्र. त्यात रोझ बेंगाल नुकत्याच मेलेल्यांनाही रंगवतो.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक नाही, त्यामुळे सेलट्रॅकर ग्रीन किंवा कॅल्सीन हे चमकणारे रंग सुचवू नका. आंबा घाट उतरून पंधरवड्याने जाता येईल, त्याहून लवकर नाही. समुद्राचं पाणी कॅनमधून आणता येतं.

मग पंधरवड्याच्या नमुन्यांनी पिढ्या सुट्या दिसतील, की जिवंत अमोनिया इथे पेट्री डिशमध्ये डायाटमवर (सूक्ष्म शैवालावर) वाढवून, फोटोंवरून नवे कप्पे मोजून आधी वाढीचा दर काढावा? आणि तो दर खाडीतल्या संख्येला लावणं कितपत योग्य ठरेल?