मदत हवी आहे : दसऱ्यात सोनौलीमार्गे नेपाळ

नमस्कार मंडळी. आईबाबा मूळचे नेपाळमधल्या तानसेनचे, मी मात्र पक्की नागपूरकर. यंदा दशैंला (तिकडचा दसरा) आजीच्या हातून टिका लावून घ्यायला सगळेच निघतोय. राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, पुढे सोनौलीची सीमा. व्हिसा लागत नाही. माझं नि नवऱ्याचं मतदार ओळखपत्र आहे. अडलंय पोरीपाशी. ती १६ वर्षांची, पासपोर्ट नाही. १५ ते १८ वयासाठी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. शाळेत मागितलं तर साधं बोनाफाईड हातात ठेवलं, घ्या! कोणी काढलंय का असं? नमुना कुठून घेतला?

आणखी एक. बुटवलपर्यंत ठीक आहे, पण पुढच्या घाटातली वळणं आईला अजिबात सोसत नाहीत (माहेर तिथलं असून!). बस बरी की जीप?